जांभळासारखा काळा

कुंदाताईंना चमक आवडायची नाही. ज्या बाईचं कामच गाड्यांच्या टायरला पॉलिश लावायचं होतं, तिच्याबद्दल हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. पण टायर चकाकायला लागला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, खांद्यावरचं फडकं खाली यायचं आणि ती चकाकी मरेपर्यंत त्या पुसत राहायच्या.

"असा ओला दिसते नं," त्या म्हणायच्या. "टायर कसा पाहिजे? जांभळासारखा. झाडावरचं जांभूळ पाह्यलं का तुम्ही? बाजारातलं नाही, झाडावरचं. काळंभोर असते, पण त्याच्यावर धुकं असते. ते धुकं राहिलं पाहिजे."

मी तेव्हा हडपसरला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात कागदपत्रांचं काम बघत होते. माझं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीबाहेर गाड्या धुवायचा ओटा. ओट्यावर एका जुन्या गुलमोहराची सावली. समोर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती होत्या आणि मागे अजून कसंबसं तग धरून राहिलेलं एक उसाचं शेत. दुपार कलली की सूर्य त्या काचांवरून उलटा यार्डात यायचा, आणि गाड्यांच्या रांगांवर दुसऱ्यांदा सकाळ झाल्यासारखं वाटायचं. कुंदाताई आठवल्या की मला त्या उजेडातच आठवतात. लाकडी पाटावर बसलेल्या, एक गुडघा वर, हातात स्पंज, आणि डोळे कुठेतरी लांब.

त्या आमच्याकडे नोकरी मागायला आल्या नव्हत्या. त्यांच्या दिरांना गाडी विकायची होती, त्यांच्यासोबत सहज आल्या होत्या. दीर आत आमच्या सुहासशेठशी घासाघीस करत होते आणि या बाहेर सावलीत उभ्या होत्या. ओट्यावर आमचा धुणारा माणूस एका गाडीच्या चाकांवर बाटलीतून पॉलिश पिचकारत होता. चाकांवरचा चिखल अजून तसाच होता.

"काहो," कुंदाताई त्याला म्हणाल्या, "तोंड न धुता पावडर लावून राहिले का तुम्ही?"

तो हसला आणि पिचकारत राहिला. शेठ तेवढ्यात दारात आले होते. शेठ अस्सल पुणेरी माणूस, त्यांना कोणी फुकटचा सल्ला दिलेला खपायचा नाही. ते म्हणाले, "बाई, हे पार्लर नाही."

"ते दिसूनच राहिलं," कुंदाताई म्हणाल्या.

"मग आपण दाखवा करून."

त्यांनी पदर खोचला. आधी ब्रश मागितला, मग साबण, मग बादली, मग दुसरी बादली. टायर घासताना जो फेस निघतो तो आधी चॉकलेटी असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जुन्या पॉलिशचा, धुळीचा, रस्त्याच्या तेलाचा तो रंग. फेस पांढरा येईपर्यंत त्या घासत राहिल्या. मग चाक कोरडं केलं, खाचांत कापडाचं टोक घालून घालून. मग अगदी थोडं पॉलिश स्पंजावर घेतलं आणि टायरवर गोल फिरवलं, चेहऱ्याला क्रीम लावावं तसं. थांबल्या. पुन्हा एक हात. पुन्हा थांबल्या. शेवटी कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं.

दीर गाडी विकून घरी गेले तेव्हा कुंदाताई दुसऱ्या गाडीच्या तिसऱ्या चाकाशी होत्या. शेठ म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या." विचारलं नाही, सांगितलं. त्याही हो म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या.

पार्लरचं शेठ उगाच बोलून गेले होते, पण ते बरोबर निघालं. कुंदाताईंचं खरंच पार्लर होतं. लग्न होऊन त्या वर्ध्याकडून पुण्यात आल्या तेव्हा त्यांचे यजमान हडपसरच्या एका कारखान्यात होते. गावठाणातल्या घराच्या पुढच्या खोलीत ताईंनी पार्लर काढलं. आजूबाजूच्या वस्तीतल्या कितीतरी मुली त्यांच्या हातून नवऱ्या होऊन बाहेर पडल्या. मग यजमान गेले. मग रस्ता रुंद झाला आणि पुढची खोली रस्त्यात गेली. "आता माझ्या आरशाच्या जागेवरून बस जाते," एवढंच त्या सांगायच्या. सांगताना आवाजात तक्रार नसायची. बस कशी वळत असेल तेच जणू डोळ्यांपुढे आणत असायच्या.

पार्लरमधलं सामान मात्र त्यांनी टाकलं नव्हतं. केसांना कलप लावायचा चपटा ब्रश टायरवरच्या उठावाच्या अक्षरांसाठी आणि बारीक खाचांसाठी वापरात आला. फेसपॅकचा मऊ ब्रश चाकाच्या धातूच्या कडेशी, जिथे पॉलिश सांडलं तर डाग दिसतो. स्पंज त्या स्वतः कापायच्या, जुन्या गादीच्या फोममधून, टायरच्या गोलाईला बसेल असा. यार्डात पॉलिशच्या दोन प्रकारच्या बाटल्या असत. एक दुधासारखं पांढरं, पातळ, पाण्यातलं. लावल्यावर मुरायचं आणि नुसता काळेपणा मागे ठेवायचं. दुसरं तेलकट आणि जाड, काचेसारखं चकाकणारं. ते नीट पुसलं नाही तर गाडी पळायला लागल्यावर चाकावरून उडून दारांवर शिंतोडे बसवायचं. शेठना ते दुसरं आवडायचं, कारण फोटोत छान दिसायचं. कुंदाताई त्याला लग्नातला मेकअप म्हणायच्या.

एकदा एक गिऱ्हाईक कौतुकानं म्हणालं, "ताई, अगदी नवरीसारखी सजवता हो गाडी."

"नवऱ्या रडतात," त्या म्हणाल्या. "गाड्या रडत नाहीत. म्हणून हे काम बरं."

टायर जिथे रस्त्याला टेकतो त्या भागाला त्यांनी कधी पॉलिशचा थेंब लागू दिला नाही. कोणी घाईत सगळीकडे फवारलं तर ओरडायच्या नाहीत, नुसतं विचारायच्या, "तुम्ही तळपायाला तेल लावून फरशीवर चालता का?"

पण मला त्यांचं हे काम करणं जितकं आठवतं, त्याहून जास्त त्यांचं थांबणं आठवतं. पहिला हात दिल्यावर टायरला तो मुरायला वेळ द्यावा लागतो. बाकीचे तेवढ्यात फोन बघायचे, तंबाखू मळायचे. कुंदाताई गुलमोहराच्या बुंध्याला पाठ लावायच्या आणि गाडीकडे बघत बसायच्या. बघता बघता त्यांची नजर मऊ व्हायची. ओठ थोडे हलायचे. पहिल्यांदा मला वाटलं त्या काहीतरी म्हणतायत. मी बाहेर जाऊन विचारलं.

"ही गाडी कोणाची होती हो?" त्यांनी मलाच विचारलं.

मी कागद पाहिले होते. "कोथरूडचे एक डॉक्टर."

"कोकणात जात असतील," त्या म्हणाल्या, आणि हाताची मूठ उघडून दाखवली. टायरच्या खाचेतून काढलेला शिंपल्याचा एक तुकडा होता. "समुद्रापर्यंत नेली असल गाडी. अगदी वाळूत. पोरं खाली उतरली असतील, आणि बाई म्हणाली असल, चाकं रुततील."

पुढे ते डॉक्टर सही करायला आले तेव्हा मी मुद्दाम विचारलं. गाडी पुण्याबाहेर कधी गेलीच नव्हती. शेजारी बांधकाम चालू होतं, त्या वाळूत ती उभी असायची. मी कुंदाताईंना सांगितलं. त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

"मग डॉक्टरांचं नुकसान झालं," त्या म्हणाल्या. "गाडीत समुद्र होता, ते गेले नाहीत."

चाकांच्या खाचांतून निघालेल्या अशा वस्तू त्या कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं ठेवायच्या. चिंचोके, गिट्टी, एखादा मणी, लग्नाच्या अक्षतेचे दाणे. त्यांवरून त्या गाडीचा मागचा जन्म सांगायच्या आणि तो बहुतेक वेळा साफ चुकीचा असायचा. पुढचा जन्मही सांगायच्या. गाडी विकली गेली, नवा मालक घेऊन गेला, की संध्याकाळी हात धुताना म्हणायच्या, "आता ती इंदापूर ओलांडून गेली असल. डावीकडे पाणी दिसत असल त्यांना." घेणाऱ्यानं आपण कुठले हे सांगितलेलं असायचं, तेवढ्या धाग्यावर त्या सगळा रस्ता विणायच्या. ढाबा, पेट्रोल पंप, मागे झोपलेलं पोर, सगळं. ऐकताना मलाही त्या गाडीत बसल्यासारखं वाटायचं. हडपसरच्या धुळीत, हॉर्नच्या आवाजात, मी हातातला कागद विसरून इंदापूरचं पाणी बघत असायचे.

त्यांची मुलगी प्रज्ञा समोरच्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरीला होती. आईनं टायरला हात लावावा हे तिला पटत नव्हतं. एकदा संध्याकाळी ती आईला घ्यायला आली आणि ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आई, प्लीज, सोड ना आता हे. माझ्या टीममधले लोक इथून जातात."

"जाऊ दे नं. त्यांना म्हण, गाडी असल तर घेऊन या."

"मी सिरियसली बोलतेय."

"मीही. तू दिवसभर काय करते? लोकांना दिसते ते पडद्यावर नीट दिसलं पाहिजे, असंच काहीतरी सांगितलं होतं तू. मीही तेच करून राहिले."

प्रज्ञा चिडली होती, पण तिला हसू आवरलं नाही. मग ती पाटावर टेकली आणि आईचं शेवटचं चाक होईपर्यंत लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली. त्यानंतर ती तो विषय काढायची, पण पूर्वीच्या जोरानं नाही.

दामलेकाका आमच्याकडे आले ते त्यांची गाडी विकायला. कर्वेनगरला राहायचे, ऐंशीच्या पुढचे, काठी होती पण टेकवत नसत. मुलांनी गाडी चालवायला बंदी केली होती. शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "इतक्या वर्षांची गाडी, काका. वाईट वाटत असेल."

"मी गाडी विकतोय," काका म्हणाले, "भावना नाही. पावती करा."

फोटो काढण्याआधी गाडी ओट्यावर गेली. काका खिडकीतून बघत होते. थोड्या वेळानं ते उठून बाहेर गेले आणि कुंदाताईंच्या शेजारी उभे राहिले. कुंदाताईंनी वर पाहिलं, उठल्या, आपला पाट त्यांच्याकडे सरकवला आणि स्पंज पुढे केला.

"मला येत नाही," काका म्हणाले.

"चेहऱ्याला क्रीम लावता?"

"नाही."

"बायको लावायची?"

"लावायची."

"ती लावायची तसं लावा."

ते खाली बसले. बसायला खूप वेळ लागला. त्यांनी स्पंज फिरवला आणि कुंदाताईंनी मागून फडक्यानं पुसत पुसत जास्तीचं काढलं. चारही चाकं त्यांनी अशीच केली. फोटो काढणारा दोनदा येऊन गेला, शेठ घड्याळ बघून गेले. दुपारचा तो उलटा उजेड आला तेव्हा काका गाडीसमोर उभे होते आणि त्यांची बोटं काळी झाली होती. ती त्यांनी धुतली नाहीत. तशीच घेऊन रिक्षात बसले.

आता दसऱ्याचं सांगते.

दसऱ्याला गाडी घरी न्यायची म्हणून आदल्या आठवड्यात यार्डात पाय ठेवायला जागा नसायची. झेंडूच्या माळांचे ढीग, नारळ, पेढे, आणि प्रत्येकाला सकाळचाच मुहूर्त. त्या वर्षी एक लहानशी राखाडी गाडी एका जोडप्यानं घेतली होती. नवरा कात्रजला दुधाच्या डेअरीत कामाला, संतोष नाव. बायको अश्विनी आणि कडेवर एक मुलगी. दसऱ्याला गाडी घ्यायची आणि थेट अश्विनीच्या माहेरी, साताऱ्याच्या पुढे, असं त्यांचं ठरलं होतं. माहेरच्यांना सांगितलं नव्हतं. दारात गाडी उभी करून चकित करायचं होतं.

आदल्या दिवशी त्या गाडीची चाकं धुताना कुंदाताईंनी शेठना हाक मारली. "शेठ, याच्या गालाला चिरा आहेत."

टायर जुने होते. घासल्यावर बाजूच्या रबरावर बारीक बारीक रेघा दिसत होत्या, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा.

"बदलायचेत," शेठ म्हणाले. "आज कुठे वेळ आहे? दसरा होऊ दे, बोलावून बदलून देऊ. तुम्ही ते जाड पॉलिश मारा दोन हात."

"चिरा झाकल्या जातील."

"म्हणून तर तुम्हाला ठेवलंय, ताई."

शेठ वाईट माणूस नव्हते. ते खरंच बदलून देणार होते. त्या दिवशी त्यांच्या मागे बारा भानगडी होत्या आणि ही तेरावी होती. कुंदाताईंनी जाड पॉलिश लावलं. ते चिरांत उतरलं, आणि टायर असे गुळगुळीत काळे दिसायला लागले की मलाही ते नवे वाटले असते.

संध्याकाळी मी कागद लावत होते. त्या झाडाखाली बसून होत्या, नेहमीसारख्या, त्या राखाडी गाडीकडे बघत. बराच वेळ झाला तरी उठेनात. मी बाहेर गेले.

"मृणाल," त्या म्हणाल्या, "गाडी घाट चढून नाही राहिली."

"कुठली गाडी?"

"हीच. शिरवळपर्यंत गेली. पोरगी मागे झोपली आहे. खंबाटकीच्या पायथ्याशी आली की थांबते. मी पुन्हा कात्रजपासून सुरू करते. पुन्हा तिथंच येते."

दमला आहात, घरी जा, असं काहीतरी मी म्हणाले. उद्या त्यांची सुट्टीच होती. दसरा हा त्यांच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. दर वर्षी त्या दिवशी त्या पांढरी साडी नेसून प्रज्ञाबरोबर विहारात जायच्या. यजमान होते तेव्हापासूनची ती रीत होती, आणि शेठही त्या दिवशी त्यांना कधी बोलवत नसत.

सकाळी मी यार्डात पोचले तेव्हा संतोष आणि अश्विनी आलेले होते. गाडीला माळ घातली होती. अश्विनीच्या हातात पूजेचं ताट होतं. शेठ पुठ्ठ्याची मोठी किल्ली घेऊन फोटोसाठी उभे. आणि फाटकातून कुंदाताई आत आल्या. पांढरीशुभ्र साडी, केसांत काही नाही, हातात काही नाही. कोणाशी न बोलता ओट्यावर गेल्या, बादली भरली, ब्रश घेतला, आणि राखाडी गाडीच्या पुढच्या चाकाशी बसून टायर घासायला लागल्या. काळा फेस उडून साडीवर यायला लागला.

"कुंदाताई," शेठ म्हणाले, "आज तुमची सुट्टी ना?"

"सुट्टीच आहे. मी कामाला नाही आली."

"मग हे काय चाललंय?"

"मेकअप उतरवून राहिले."

त्यांनी पाण्यानं चाक धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि संतोषकडे पाहिलं. "दादा, इकडं या. बोट लावून पाहा."

संतोष वाकला. त्यानं रेघांवरून बोट फिरवलं. नखानं जरा दाबलं. मग तो दुसऱ्या चाकाकडे गेला, आणि तिथे ते काळं गुळगुळीत रबर बघून परत पहिल्याकडे आला.

"टायर बदलून देणारच होतो," शेठ म्हणाले. "दसरा झाला की."

"दसरा झाला की म्हणजे," संतोष शांतपणे म्हणाला, "आम्ही जाऊन आलो की."

शेठचा चेहरा उतरला. त्यांनी ती पुठ्ठ्याची किल्ली माझ्याकडे दिली आणि फोन लावत आत गेले. टायरची दुकानं पूजेसाठी बंद होती. ओळखीच्या एकाला ते घरून उठवून आणायला गेले, स्वतः, मोटरसायकलवर.

या सगळ्यात कोणी कुंदाताईंचे आभार वगैरे मानले नाहीत. उलट अश्विनी रडवेली झाली होती. "मुहूर्त गेला," ती म्हणाली. "तुम्ही हे काल का नाही सांगितलं?"

"कालच सांगायला पाहिजे होतं," कुंदाताई म्हणाल्या. "मुहूर्त माझ्यामुळं गेला. मनात असल ते बोला."

दोघी झाडाखाली बसून राहिल्या, एक जरीच्या साडीत आणि एक काळ्या शिंतोड्यांच्या पांढऱ्या साडीत. मुलगी झेंडूच्या पाकळ्या तोडून कुंदाताईंच्या ओल्या पदरावर ठेवत होती. मग कधीतरी त्यांचं बोलणं सुरू झालं. अश्विनीच्या माहेरच्या अंगणाबद्दल, दारातल्या रामफळाच्या झाडाबद्दल, गाडी नेमकी कुठे उभी करायची त्याबद्दल. कुंदाताई बारीकसारीक विचारत होत्या. कुठून वळायचं, चढ आहे का, आई आधी बाहेर येईल की वडील. अश्विनी सांगता सांगता हसायला लागली होती.

दुपारी नवे टायर बसले. नव्या टायरवर कारखान्यातून एक तेलकट थर येतो, तो कुंदाताईंनी घासून काढला, आणि पांढऱ्या पातळ पॉलिशचा एकच हात दिला. पुसून घेतला. रुमाल टायरला लावून पाहिला. काही लागलं नाही. उजेड तेव्हा काचांवरून परत आला होता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कुंदाताई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी विचारलं, "ताई, आता साडीचं काय? विहारात कशा जाणार?"

"अशीच," त्या म्हणाल्या. "तिथं साडी कोण पाहते?" आणि खरंच तशाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांना आत बोलावलं. मी तिथेच होते.

"मला एकट्याला घेऊन सांगायचं होतं ना, ताई. चार लोकांत कशाला?"

"सांगितलं होतं, शेठ. एकट्यालाच सांगितलं होतं."

शेठनी टेबलावरचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, "आजपासून टायरला काही लावायचं नाही. नुसतं धुवायचं."

ही शिक्षा होती हे दोघांनाही माहीत होतं. कुंदाताई दिवाळीपर्यंत नुसतं धूत राहिल्या. पॉलिश दुसरा माणूस फवाऱ्यानं मारायचा. त्या काळात त्या झाडाला टेकून बसायच्या, पण ओठ हलायचे नाहीत. दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यांनी ब्रश धुऊन वाळवले, पिशवीत भरले, लाकडी पाट काखेत घेतला आणि म्हणाल्या, "येते."

शेठ फाटकापर्यंत आले. हातात फराळाचा डबा होता. "घेऊन जा," म्हणाले. कुंदाताईंनी घेतला. त्यानंतर एकदा फवारणारा माणूस "जाड मारू का?" म्हणाला तेव्हा शेठ त्याच्यावर खेकसले, "आधी टायर बघ, मग बाटली बघ." मी मान वर केली नाही.

थोड्या महिन्यांनी यार्डात दामलेकाकांचा फोन आला. "त्या टायरवाल्या बाई कुठे आहेत? आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांची चाकं आजारी दिसतात." मी नंबर दिला. पुढे मीही ती नोकरी सोडली आणि कर्वेनगरजवळच एका कंपनीत लागले, तेव्हा रविवारी सकाळी मुद्दाम त्या सोसायटीवरून जायचे. पार्किंगमध्ये पाटावर कुंदाताई, शेजारी खुर्चीवर काका. काकांच्या हातात फडकं. ताई लावायच्या, काका पुसायचे.

"काका, तुम्ही कधीपासून?" मी पहिल्यांदा विचारलं.

"असिस्टंट आहे," काका म्हणाले. "पगार नाही. चहा आहे, तोही माझ्याच घरचा."

हळूहळू आजूबाजूच्या सोसायट्यांतून बोलावणी यायला लागली. कोणी आजी आपल्या नातवाची गाडी घेऊन शिकायला बसायच्या. एक निवृत्त प्राध्यापक रोज वेगळे प्रश्न विचारायचे आणि काका त्यांना परस्पर उत्तरं द्यायचे, बहुतेक अपमानकारक. या सगळ्या गलक्यात कुंदाताई पहिला हात देऊन झाला की भिंतीला टेकायच्या, आणि त्यांची नजर पुन्हा तशी मऊ होऊन लांब जायची. काका मग सगळ्यांना बोटानं गप्प करायचे. "थांबा," म्हणायचे. "त्या प्रवासाला गेल्यात."

एकदा मी त्यांना त्या राखाडी गाडीबद्दल विचारलं. त्यांना संतोषचा किंवा अश्विनीचा कधी फोन आला नव्हता. "काहून येईल?" त्या म्हणाल्या. "पोचलेली माणसं फोन करतात का?"

पुढे प्रज्ञाची बदली नागपूरला झाली आणि ती आईला बरोबर घेऊन गेली. गुडघेही दुखायला लागले होते म्हणे. हे मला काकांकडून नंतर कळलं. ते सांगताना काका फडक्याची घडी घालत होते, उघडत होते, पुन्हा घालत होते. मी कुंदाताईंना शेवटचं पाहिलं ते त्याआधी थोडेच दिवस, आणि ते शेवटचं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

थंडीतली सकाळ होती. मी स्कूटरवर सिग्नलला उभी होते. शेजारी बस येऊन थांबली आणि सहज वर पाहिलं तर खिडकीत कुंदाताई. मांडीवर पिशवी, डोकं गजाला टेकलेलं. डोळे उघडे होते, पण रस्त्यावर नव्हते. काहीतरी छान चाललं असावं, कारण मधेच त्यांनी कोणाला तरी हो म्हटल्यासारखी मान हलवली. मी हाक मारणार होते. मग मारली नाही.

सिग्नल सुटला. बस हलली, तसा त्यांनी हात खिडकीतून बाहेर काढला आणि तळवा वाऱ्याला लावला, बोटं पसरून, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा. खिडकीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हात बाहेर काढू नये. बस पुढे निघाली, वळली, आणि वळणावरही तो हात तसाच बाहेर होता.